लिपेडिमा झालाय, मग हे डबे चालू ठेवू का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

माझं वय 36. चंद्रपूर जिल्ह्यात खेड्यात राहते. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी, तूर, सोयाबीन. पाळी सुरू झाल्यापासूनच माझ्या मांड्या-पोटऱ्या जाड होत्या, दुसऱ्या बाळंतपणानंतर फारच वाढल्या. कंबर बारीक, पावलं बारीक, मधलं सगळं खांबासारखं. साधा धक्का लागला तरी काळं-निळं होतं, दाबलं की दुखतं. गावात लोक हत्तीपाय म्हणतात. नागपूरच्या डॉक्टरांनी लिपेडिमा सांगितला आणि पायात घालायचे दाबाचे मोजे लिहून दिले, पण महाग म्हणून घेतले नाहीत. आठवड्यातून तीन उपास करते. थोरल्या जाऊबाई एका कंपनीचे डबे विकतात. प्रोटीन पावडर, हळदीच्या कॅप्सूल, 'फॅट कटर', सेलेनियम आणि व्हिटॅमिन डी असं सगळं मिळून महिन्याला साडेचार हजार होतात. त्यासाठी बचत गटातून उचल केली. चार महिन्यांत वजन तीन किलो उतरलं, पाय मात्र तसेच. थायरॉइडची गोळी चालू आहे. हे डबे चालू ठेवू, की दुसरे चांगले असतील तर सांगता? मुलगी 13 वर्षांची आहे, तिचेही पाय माझ्यासारखे होतील याची भीती वाटते. तिला आतापासून काही सुरू करावं का?

ताई,

'फॅट कटर' आणि हळदीच्या कॅप्सूल आजच बंद करा. बाकीच्यांतलं काय ठेवायचं ते रक्ताचा रिपोर्ट पाहून ठरेल, पण तोवर नवा डबा एकही घेऊ नका. मुलीला यातलं काहीच देऊ नका.

पाय उतरले नाहीत म्हणून तुम्ही स्वतःला दोष देताय, हे पत्रात जागोजाग दिसतं. तो दोष तुमचा नाही. 1940 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स या दोन डॉक्टरांनी या आजाराचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं. तुम्ही लिहिलंय अगदी तसंच: दोन्ही पाय सारखे जाड, पावलं मात्र सुटलेली, दाबलं की दुखणं, सहज काळं-निळं होणं. जवळजवळ सगळ्या रुग्ण बायकाच असतात, आणि पाळी येताना, गरोदरपणात किंवा पाळी जाताना तो वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या आजारांच्या यादीत त्याची वेगळी नोंद आहे. त्वचेखालच्या चरबीच्या थराचाच हा आजार आहे. उपाशी राहिलं की आधी चेहरा, छाती, पोट उतरतं, पाय फार कमी उतरतात. तुमचं तीन किलो वजन गेलं आणि पाय तसेच राहिले, हे त्या आजाराच्या स्वभावाला धरूनच झालं.

हत्तीपायाचंही एकदा पाहून टाकू, कारण आपल्या भागात तो खरोखर आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा पट्टा हत्तीरोगाचा मानला जातो. हत्तीरोगात बहुधा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सुजतो आणि पाऊलही सुजतं. लिपेडिमात सूज घोट्यावर येऊन एकदम थांबते, तिथे वळी पडल्यासारखं दिसतं. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची वरची कातडी बोटाच्या मुळाशी चिमटीत धरून पाहा. ती सहज उचलली जात असेल तर लिपेडिमाच्या बाजूने गोष्ट जाते. जाड होऊन चिमटीत येतच नसेल तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा, कारण जुन्या लिपेडिमात पुढे लसिकेची (शरीरातल्या पेशींभोवतीच्या द्रवाची) सूजही भर घालू शकते. मनात शंका राहत असेल तर आरोग्य केंद्रात हत्तीरोगाची रक्ततपासणी करून घ्या. काचपट्टीसाठी रक्त रात्री घेतात, कारण ते जंतू रक्तात रात्रीच वर येतात. आणि गावात गोळ्यांची मोहीम येते तेव्हा त्या गोळ्या कर्मचाऱ्यासमोर खाऊन टाका. त्यांचा तुमच्या या आजाराशी संबंध नाही, त्या गावासाठी आहेत.

आता डब्यांकडे वळते. लिपेडिमाची चरबी विरघळवते अशी सिद्ध झालेली एकही गोळी, पावडर किंवा काढा आज जगात नाही. अमेरिकेतले आणि जर्मनीतले तज्ज्ञ ज्या मार्गदर्शक सूचनांवर चालतात, त्यांचा भर दाबाचे मोजे, हालचाल, आहार, कातडीची निगा आणि निवडक रुग्णांत चरबी काढण्याची शस्त्रक्रिया यांवर आहे. पूरक गोळ्यांचं खरं काम एवढंच की अंगात एखादी गोष्ट कमी पडली असेल तर ती भरून काढणं. ते कामही महत्त्वाचं आहे, कारण आधीच दुखणारे पाय घेऊन शेतात राबणाऱ्या बाईला रक्त कमी, डी कमी, बी-12 कमी असेल तर थकवा आणि दुखणं दोन्ही वाढतं. पण काय कमी आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि डबा विकणारा माणूस तपासणी करायला सांगत नाही.

'फॅट कटर'वर लिहिलेले घटक वाचा. अशा डब्यांत बहुधा ग्रीन टीचा अर्क किंवा गार्सिनिया असतं. कपातला हिरवा चहा वेगळा. त्याचा गोळीत ठासलेला अर्क यकृताला इजा करू शकतो, आणि गार्सिनियाच्या गोळ्यांनीही यकृत बिघडल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. काही चूर्णांत सोनामुखी असते. त्याने जुलाब होऊन वजनकाटा खाली येतो, पण जातं ते पाणी आणि पोटॅशियम. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचंही तेच. लिपेडिमा म्हणजे साठलेलं पाणी नाही, त्यामुळे पाणी काढून पाय बारीक होत नाहीत, उलट चक्कर येते.

हळदीबद्दल तुम्हाला आश्चर्य वाटेल. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिच्यातलं करक्युमिन नावाजलेलं आहे. ती भाजीत, वरणात, दुधात खुशाल घाला. कॅप्सूलमध्ये मात्र तेच करक्युमिन कित्येक पट एकवटलेलं असतं, वर ते अंगात जास्त शोषलं जावं म्हणून मिऱ्याचा अर्क मिसळतात. इटलीत आणि अमेरिकेत अशा कॅप्सूल घेणाऱ्यांच्या यकृताला सूज आल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. तुम्ही चार महिने 'फॅट कटर' आणि हळदीच्या कॅप्सूल दोन्ही सोबत घेतलंय. म्हणून यकृताची तपासणी, म्हणजे एलएफटी, पुढच्या आठवड्यातच करून घ्या. डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, अंगभर खाज, जेवणावरची वासना उडणं यातलं काही असेल तर आठवडाही थांबू नका.

सेलेनियमचं नाव लिपेडिमाच्या रुग्णांत फार फिरतं, कारण लसिकेच्या सुजेवर ते वापरून पाहिलं गेलंय. पण लागणारं प्रमाण आणि बाधणारं प्रमाण यांतलं अंतर फार थोडं आहे. आपल्याकडे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 40 मायक्रोग्रॅम पुरतं. युरोपने 2023 मध्ये रोजची वरची मर्यादा 255 मायक्रोग्रॅम ठरवली. जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात, तोंडाला लसणासारखा वास येतो. तुमच्या प्रोटीन पावडरीत आणि दुसऱ्या एखाद्या गोळीतही सेलेनियम असण्याची शक्यता आहे. सगळ्या लेबलांवरचे आकडे एका कागदावर मांडून बेरीज करा. तपासणीत कमतरता निघाली नसेल तर हा डबा पुढे चालू ठेवण्याचं कारणच उरत नाही.

व्हिटॅमिन डी खरोखर कमी असू शकतं. उन्हात राबणाऱ्या बाईचंही कमी निघतं, कारण अंग पदराने, शर्टाने, दुपट्ट्याने झाकलेलं असतं. तपासणीत कमी आलं तर डॉक्टर साधारणपणे 60,000 युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात आणि मग अंतर वाढवतात. हीच पुडी वर्षभर दर आठवड्याला घेत राहिलं, किंवा चुकून रोज घेतली, तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, तहान सुटते, मूत्रपिंडांना त्रास होतो. तुमच्या डब्यावर किती युनिट लिहिलंय ते पत्रात नाही. ते बघा आणि डॉक्टरांना सांगा.

ज्या दोन गोष्टींवर मी सगळ्यात आधी लक्ष दिलं असतं त्या तुमच्या यादीत नाहीतच. लोह आणि बी-12.

2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. तुमची दोन बाळंतपणं झालीत, आठवड्यातून तीन उपास आहेत, जेवणामागे चहा आहे असं मी धरून चालते. तुमचं हिमोग्लोबिन बघायलाच हवं. पण ताई, लोहाच्या गोळ्या दुकानातून मनाने आणू नका. आपल्या विदर्भात, त्यातही चंद्रपूर-गडचिरोलीकडे, सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त कमी असतं ते तांबड्या पेशी लवकर तुटतात म्हणून, आणि त्यातलं लोह अंगातच राहतं. रक्त भरावं लागलं असेल तर लोह आणखी साठतं. अशा माणसाने नुसतं हिमोग्लोबिन पाहून महिनोन्महिने लोह घेतलं तर यकृतावर आणि हृदयावर ताण येतो. म्हणून आधी सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. मग हिमोग्लोबिन आणि जमल्यास फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी. सिकलसेल नाही आणि लोह कमी आहे असं ठरलं, तर आरोग्य केंद्रातल्या लोह-फॉलिक ॲसिडच्या लाल गोळ्या पुरेशा आहेत. महागड्या टॉनिकची गरज नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि मागेपुढे तासभर चहा टाळा.

बी-12 शाकाहारी घरांत हमखास कमी निघतं. माळकरी घर असेल, अंडं-मटण चालत नसेल, तर दूध-दह्याशिवाय त्याला दुसरा आधार नाही. तळपायांना मुंग्या येणं, जळजळ होणं हे तुम्ही लिपेडिमाच्या खात्यावर टाकत असाल, पण ते बी-12 कमी असल्याचंही लक्षण असू शकतं. साखरेसाठी किंवा पाळीच्या तक्रारीसाठी मेटफॉर्मिन घेतली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तिच्यामुळेही ते कमी होतं.

थायरॉइडची गोळी तुम्ही सकाळी अनशापोटी घेता आणि लगेच पावडर पिता का? सोया, कॅल्शियम आणि लोह, तिन्ही त्या गोळीचं शोषण अडवतात. गोळी आणि कॅल्शियम-लोहाचा डबा यांत चार तास अंतर हवं. चार महिने ते पाळलं गेलं नसेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पुन्हा करा. थायरॉइड नीट बसलं नाही की अंग जड राहतं, आणि मग तेही पायांच्या नावावर जमा होतं.

डॉक्टर कदाचित डायोस्मिनची गोळी देतील. ती शिरांच्या जुन्या सुजेवर उपयोगी पडते आणि तिचा कच्चा माल संत्र्याच्या वर्गातल्या फळांच्या सालीतून येतो. लिपेडिमात तिचा पुरावा तोकडा आहे, पण शिरांचा त्रासही सोबत असेल तर पाय हलके वाटू शकतात. डॉक्टरांनी दिली तर ठरावीक महिने घेऊन बघा. फरक नाही पडला तर थांबवा. संत्री खाऊन तेवढी मात्रा मिळत नाही. संत्री संत्र्यासाठी खा.

प्रोटीनचं मात्र मला तळमळून सांगायचंय. तुम्ही सोयाबीन पिकवता, बाजार समितीत विकता, आणि तेच प्रोटीन डब्यात भरून आलं की दहा हात फिरलेल्या भावाने परत घेता. वाळलेल्या सोयाबीनच्या 100 ग्रॅममध्ये 36 ते 40 ग्रॅम प्रोटीन असतं, सोयावडीत सुमारे 50 ग्रॅम. 55 किलोच्या बाईला दिवसाला 46 ग्रॅमच्या आसपास लागतं. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम सोयावडीतून 15 ग्रॅम, दोन वेळच्या घट्ट वरणातून 12-13, वाटीभर दह्यातून 5, दोन भाकरींतून आणखी काही, चालत असेल तर एका अंड्यातून 6. झालं की जवळपास. सोयाबीन कच्चं दळू नका. चांगलं भाजून किंवा शिजवूनच वापरा, नाहीतर ते प्रोटीन पचत नाही. किलोभर ज्वारीत एक वाटी भाजलेलं सोयाबीन टाकून दळलं तर घरातल्या सगळ्यांचंच भलं होईल. त्याच ताटात जवसाची चटणी असू द्या. चमचाभर, 10 ग्रॅम जवसात ओमेगा-3 चे सुमारे 2 ग्रॅम मिळतात. हे माशाच्या तेलाइतकं थेट कामाला येत नाही, तरी तुमच्या कॅप्सूलच्या खर्चापुढे फुकटच आहे. जवस भाजून कुटलेलंच खा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो.

उपास आठवड्याला एकावर आणा. साबुदाण्याची उसळ म्हणजे निव्वळ पिठूळपणा. त्या दिवशी अंगाला प्रोटीन मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी हात गोडाकडे जातो. श्रद्धेचा उपास असेल तर शेंगदाणे, दही, ताक, राजगिरा घ्या. कमी साखर, कमी मैदा, कमी बिस्किटं यांनी पायांचं दुखणं थोडं कमी झाल्याचं अनेक बायका सांगतात. पोटाभोवतीची चरबी आणि साखर-बीपीचा धोका तर नक्कीच कमी होतो, आणि गुडघ्यांवरचा भारही. म्हणून आहार सोडायचा नाही. फक्त पायांचं माप हा त्याचा निकाल मानायचा नाही.

पैसे जिथे घालायचे ती वस्तू, म्हणजे दाबाचे मोजे, डॉक्टरांनी तुम्हाला आधीच लिहून दिली होती. डब्यांचे पुढचे साडेचार हजार तिकडे वळवा. मोजे घेण्याआधी पायांतल्या नाड्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. माप सकाळी द्या, तेव्हा पाय सर्वांत हलके असतात. घालताना रबरी हातमोजे वापरले की कापड ओढायला सोपं जातं. रात्री काढून ठेवा. बोटं बधिर झाली, निळी पडली तर लगेच काढा. चंद्रपूरच्या मे महिन्यात दिवसभर घालणं होणार नाही, हे मला माहीत आहे. उठल्या उठल्या घाला, शेतातलं सकाळचं काम उरकून काढा, संध्याकाळी पुन्हा घाला. वरून पाणी शिंपडलं तरी चालतं. निंदण करताना तास-तास उकिडवं बसू नका. अर्ध्या तासाने उठून पंचवीस पावलं चाला, घोटे वर-खाली हलवा. पोटरीचे स्नायू हलले की पायांतलं रक्त वर सरकतं. भेगांना तेल लावा, चिखलातून आल्यावर बोटांच्या फटी कोरड्या करा. पाय एकदम लाल, गरम होऊन ताप आला, किंवा एकाच पोटरीत अचानक दुखून सूज आली, तर घरी वाट बघू नका.

नागपूरचं शासकीय मेडिकल कॉलेज, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही तुमच्या हाताशी असलेली ठिकाणं. जाताना सगळे डबे पिशवीत घालून न्या.

जाऊबाईंचं कसं करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण उचल घेण्याइतकी भीड त्याच्यामागे आहे हे समजतं. त्यांना सरळ सांगा की यकृताची तपासणी सांगितली आहे, रिपोर्ट येईपर्यंत काही घेणार नाही. हे खरंही आहे आणि त्यात त्यांचा अपमान नाही. न उघडलेले डबे परत द्या. डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं कायद्याने बंधनकारक आहे, ते दोघी मिळून वाचा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) 14 आकडी परवाना क्रमांक असला तरी त्याचा अर्थ पाय बारीक होतील याची सरकारने हमी दिली असा होत नाही. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. कंपनी पैसे परत देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. जाऊबाईंनी स्वतः किती माल भरून ठेवलाय तेही विचारा. बहुतेकदा विकणारी बाईच त्यात जास्त अडकलेली असते.

आता मुलगी. लिपेडिमा घराण्यात चालताना दिसतो, पण प्रत्येक मुलीला होतोच असं नाही, आणि गोळीने तो रोखता येत नाही. तिला वाढीच्या वयात उपास, 'फॅट कटर' किंवा सेलेनियम देणं हे नुकसानच आहे. शाळेत आठवड्याला निळी लोहाची गोळी मिळते आणि जंतनाशक गोळी मिळते, त्या तिने घ्याव्यात. सिकलसेलची चाचणी झाली नसेल तर तुमच्याबरोबर तिचीही करून घ्या, आणि ती पॉझिटिव्ह आली तर निळी गोळी डॉक्टरांना विचारूनच. तिला पोटभर वरण, दही, सोयावडी, अंडं चालत असेल तर अंडं द्या. सायकल चालवू द्या, तळं-नदी सुरक्षित असेल तर पोहू द्या, कबड्डी खेळू द्या. तिच्या पायांची मापं काढू नका आणि तिच्या देखत स्वतःच्या पायांना नावं ठेवू नका. पोटऱ्या दाबल्यावर दुखायला लागल्या, विनाकारण काळे-निळे डाग दिसले, तर मात्र तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा.